पत्ता आहेत

माझ्यासारखा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्माला येतो, आणि या शतकात ती पाळी माझ्यावर आली. नजर घारीची, कान सशाचे, नाक मुंगीचं. मुंगीला नाक असतं का, असं बायकोने विचारलं होतं. तपास चालू आहे. अशिलाला मी कधीही प्रश्न विचारत नाही. विचारून तर कोणालाही कळतं. न विचारता कळलं पाहिजे, आणि नाही कळलं तरी बोलता आलं पाहिजे, हीच या धंद्यातली खरी कसोटी.

घराची पुढची खोली हे माझं कार्यालय. लोक तक्रारी संगणकावर पाठवतात. पण लोक म्हणजे नमनालाच घडाभर तेल. 'कसे आहात, तुमची पाटी बघितली, धाकट्याला सर्दी झालीय' यातच अर्धं पान खर्च. म्हणून मी सूनबाईला सांगितलं, "मला मुद्द्याचं तेवढं हवं. पत्ता असेल तिथून पुढचं ठेव. आधीचं सगळं छाटून टाक."

सूनबाईची नोकरीच संगणकाची. "एवढंच ना, बाबा?" म्हणाली आणि चहा निवायच्या आत चार ओळींची स्क्रिप्ट लिहून मोकळी झाली. आलेल्या मजकुरात 'पत्ता' शोधायचा, त्याच्या आधीचं कापायचं, उरलेलं छापायचं. यंत्रही माझ्यासारखं थेट मुद्द्याला हात घालू लागलं.

त्या दिवशी चार वाजता छापून आलेला कागद असा होता:

'पत्ता आहेत. हातात पाना होता. शेजाऱ्यांना कळू देऊ नका, लवकर या. पत्ता: पाण्याच्या टाकीमागे, निळं दार.'

"पत्ता आहेत?" बायकोने माझ्या खांद्यावरून वाचलं. "असं कोण लिहितं?"

"इथेच तर मेख आहे! पत्ता एक, आहेत अनेक. म्हणजे मूळ शब्द 'पत्ते'. पत्ते आहेत, हत्यार म्हणून पाना आहे, शेजाऱ्यांपासून लपवाछपवी आहे. अगं, टाकीमागे जुगाराचा अड्डा आहे!"

"आणि अड्डेवाले स्वतःच तुम्हाला बोलावतायत?"

"चौथा भिडू कमी पडत असेल."

"काय झालंय ते एकदा विचारून तरी घ्या."

मी तिच्याकडे दयेने पाहिलं आणि टोपी घातली.

निळं दार एका बाईने उघडलं. डोळे रडून सुजलेले. हरलेली दिसते, अशी मी मनात नोंद केली.

"आलात, काका! सांगते सगळं…"

"काही सांगू नका. पत्ते कुठे आहेत?"

"पत्ते? त्यांनी जन्मात पत्त्यांना हात लावला नाही हो!"

"त्यांनी म्हणजे किती जणांनी?"

"किती जणांनी काय? एकच आहेत! लग्नाचा नवरा आहे माझा!"

आदरार्थी बहुवचनाने आजवर माझे बरेच तपास बुडवले आहेत.

"प्लंबर आहेत ते," ती म्हणाली. "सकाळी पाना घेऊन बाहेर पडले. फोन घरात, डबा घरात. दिवसभर गावभर हिंडून आत्ता परत आले मी. काल आमचं वाजलं होतं. मी बोलून गेले, जा कुठे जायचं तिकडे. आणि खरंच गेले असतील तर?" ती मटकन पायरीवर बसली. "म्हणून शेजाऱ्यांना नको म्हटलं. काका, हे बेपत्ता आहेत हो!"

"शक्यच नाही." मी कागद तिच्यापुढे धरला. "तुम्हीच लिहिलंय, पत्ता आहेत."

"बेपत्ता लिहिलंय मी!"

"यात 'बे' नाही."

"मी लिहिला होता!"

क्षणात प्रकरणाचा रंग पालटला. एक नवरा गायब, एक 'बे' गायब. एक आणि एक, बे! दोन्ही चोऱ्या एकाच हाताच्या. भरल्या वाक्यातून ज्याला 'बे' उचलता येतो, त्याला नवरा काय जड? मी उंबरठा हुंगत होतो, तेवढ्यात टाकीकडून ठण ठण ठण असा आवाज आला.

"हे काय?" बाई दचकली.

"लक्ष देऊ नका. आपलं लक्ष उडवायची टोळीची चाल आहे. तीन ठोके. बे अधिक एक!"

"पण आवाज टाकीखालून…"

"म्हणूनच तिकडे जायचं नाही."

"अहो!" मागून बायकोचा आवाज आला. ती हातात बादली घेऊन उभी होती. "प्लंबर इथेच राहतात ना? आपल्या नळाची तोटी उडालीय. तुमच्या कार्यालयात पाणी शिरलंय."

"प्लंबर बेपत्ता आहे. तपास चालू आहे."

"मग ते ठोकतंय कोण?"

उत्तराची वाट न पाहता ती सरळ टाकीकडे गेली. टाकीखाली पंपाची खोली होती, तिला बाहेरून कडी. बायकोने कडी काढली. पुराव्याला हात लावू नये एवढंही तिला कळत नाही. आतून घामाघूम प्लंबर बाहेर आला.

"सकाळपासून ठोकतोय! पंपाच्या घरघरीत कोणाला ऐकूच जाईना. आत्ता बंद झाला तो."

"कडी मी लावली," शेजारचे आजोबा गॅलरीतून म्हणाले. "दार उघडं दिसलं. म्हटलं, कुत्रं शिरेल. मला कोणी विचारलंच नाही."

बाई दोन पावलं धावली आणि थांबली. "मला वाटलं, गेलात."

"तू जा म्हणालीस की जायचं असतं, तर लग्नानंतर आठवड्यातच गेलो असतो."

तिने त्याच्या दंडावर एक सणसणीत फटका मारला, आणि मग तोच दंड धरून रडत राहिली.

घरी सूनबाईने कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला. "बाबा, स्क्रिप्ट शब्द बघत नाही, अक्षरं बघते. 'बेपत्ता'च्या पोटात 'पत्ता' आहेच. तो आधी सापडला, तिने तिथेच कापलं. पुढे दोन टिंबं असलेलाच 'पत्ता' धर, एवढं तिला सांगायचं राहिलं माझं." मग तिचा चेहरा पडला. "याआधी असे कागद आले होते?"

"आले होते की. 'पत्ता झाली', 'पत्ता झालाय'. मी फाडून टाकले. पत्ता आहे, तर मला कशाला कळवता?"

सूनबाईने न कापलेले मजकूर उघडले. एक सासूबाई, दोन मांजरी, एक बासरीचे मास्तर आणि एक विसरभोळे काका. बायको एकेकाला फोन लावत गेली. तेवढा वेळ मीसुद्धा टोपी काढून हातात धरली होती. सासूबाई मैत्रिणीकडे राहून आल्या होत्या. मांजरी भूक लागल्यावर परतल्या. मास्तरांना दवाखान्याच्या बाकावर झोप लागली होती, आणि काकांना दूधवाल्याने घरी आणून सोडलं होतं.

"सगळे घरी आहेत," बायकोने फोन ठेवला.

"बघ! नुसत्या माझ्या नावाचा धाक!"

सूनबाईने कळफलक पुढे ओढला. "तरी दुरुस्त करते. दोन टिंबांचंच काम आहे."

बायकोने हळूच तिचा हात धरला.

"राहू दे गं," ती म्हणाली. "लोक सुखरूप घरी पोचतायत."