लग्नपत्रिकेचं पॅकिंग

उत्तम मिस्त्रींनी मला फसवलं. एकदा नाही, सलग चौदा महिने, दर महिन्याला, माझ्या डोळ्यांदेखत. पाण्याच्या जुन्या मोटारी आणि पाइपांच्या धंद्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. सायकलला पाइप बांधून वैजापूरच्या बाजारात विकत होतो, आज शहरात दुकान आहे. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मला त्याच्या मनातला भाव कळतो. अशा मला या माणसानं फसवलं, आणि तेही कागदाच्या तुकड्यानं.

मिस्त्री ट्रॅक्टरला 'अहो' म्हणत आणि गिऱ्हाइकाला 'अरे'. जाधववाडीच्या पुढं त्यांचं पत्र्याचं शेड होतं. तिथं फक्त बागेतले जुने छोटे ट्रॅक्टर यायचे. कमरेएवढे, मोसंबीच्या दोन ओळींतून सहज जाणारे, कधीकाळी परदेशातून आलेले. त्यातला जो मिस्त्रींपेक्षा वयानं मोठा, त्याला 'अहो'. लहान असला तर 'पोरगं'.

मी माझा ट्रॅक्टर टेम्पोतून उतरवला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, टाकीखालचा रंग नखानं खरवडला आणि हळूच विचारलं, "कधीपासून बसून आहात?"

मी म्हणालो, "बसतोय कुठं, आत्ताच तर आलो."

"तुला कोण इचारतंय?"

तो ट्रॅक्टर मी बिडकीनच्या अलीकडं एका उजाड बागेतून भंगारात उचलला होता. बागही नंतर मीच घेतली, पण तेव्हा विचार साधा होता. चालू करायचा, रंगवायचा, एखाद्या हौशी रिसॉर्टवाल्याच्या गळ्यात मारायचा. म्हणालो, "मिस्त्री, लालभडक रंग द्या. आठ दिवसांत पाहिजे."

"लाल? टाकीखाली बघ. हे जन्मानं निळे आहेत. अन् आठ दिवसांत काय मुहूर्त आहे का यांचा? घाईचं काम आपलं नाय."

आठ दिवसांचे पाच महिने झाले. एका बोल्टासाठी ते तीनदा लासूर स्टेशनला जाऊन आले. मी भांडायला जायचो, आवाज चढवायचो, ते कानस घासत बसायचे. माझं बोलून संपलं की म्हणायचे, "झालं का? आता तो दिवा धर जरा." आणि मी, ज्यानं बापाचंही मुकाट्यानं ऐकलं नाही, दिवा धरायचो.

त्यांची परीक्षा जगावेगळी होती. इंजिन चालू करून बॉनेटवर काठोकाठ भरलेली कपबशी ठेवायची. चहा बशीत सांडला, की इंजिन परत खोलायचं. माझ्या ट्रॅक्टरनं सात कप सांडले. आठव्या वेळी चहा नुसता थरथरला. मिस्त्रींनी तो कप उचलून माझ्या हातात दिला. "घे शेठ. त्यांनी पाजलाय."

मी ट्रॅक्टर विकला नाही. का, ते मला विचारू नका.

महिनाभरानं तो बागेत बंद पडला. टेम्पोत घालून नेला. मिस्त्रींनी डिझेलचा फिल्टर खोलला, काहीतरी बसवलं, हवा काढली, पुन्हा चालू. "एअर घेतली होती. म्हातारपण आहे, व्हायचंच." पैसे विचारले तर म्हणाले, "वॉरंटी आहे." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. शेवटी चिडून म्हणालो, "मिस्त्री, तुम्हीच बागेत येत जा ना!"

"पेशंट दवाखान्यात येतो का डॉक्टर रानात हिंडतो? अन् घरी पाना लावायचा नाय. लावला तर वॉरंटी गेली."

काम अर्ध्या तासाचं असे, पण मला निघायला दुपार व्हायची. तेलाच्या पिंपावर बसवलेली ट्रॅक्टरची एक लोखंडी सीट होती, तिच्यावर बसून मी बडबडायचो. कोणी कसा दगा दिला, कोणाला कसा धडा शिकवला. सायकलवरून पाइप पडले आणि सगळा बाजार हसला तो दिवसही त्यांना सांगितला, जो मी बायकोलाही सांगितलेला नाही. ते हसले नाहीत. म्हणाले, "पाइप वाकले का?" म्हणालो, "एक वाकला." म्हणाले, "मंग ठीक आहे."

एक गोष्ट मात्र मला सतत खटकायची. मिस्त्रींचा यात फायदा काय? ज्या सौद्यात समोरच्याचा फायदा दिसत नाही, तो सौदा मला अन्न गोड लागू देत नाही.

पंधराव्या महिन्यात ट्रॅक्टर ऐन छाटणीत थांबला. टेम्पो मिळेना. मी पाना लावला. फिल्टरची वाटी खोलली आणि आतून जे पॅकिंग निघालं ते रबराचं नव्हतं. जाड कागदाचं होतं, कात्रीनं गोल कापलेलं, डिझेलनं भिजून लिबलिबीत झालेलं. एका कडेला सोनेरी अक्षरं होती: 'येण्याचे'. लग्नपत्रिका! शेडमधल्या फळीवर पत्रिकांची चवड असायची, मिस्त्री त्यातून नरसाळीही करायचे, मी त्याला चिक्कूपणा समजत होतो. कागदाचं पॅकिंग महिनाभर टिकतं, मग हवा शिरते. हे न कळण्याइतके मिस्त्री कच्चे नव्हते. त्यांनी ते मुद्दाम बसवलं होतं.

मी तसाच गेलो. शेडमध्ये दोन गिऱ्हाइकं होती, शेजारचे पंक्चरवाले रशीदभाई होते. सगळ्यांसमोर ते पॅकिंग मिस्त्रींच्या तोंडापुढं नाचवलं. "पत्रिका घालून मला हेलपाटे मारायला लावले! चोर आहात तुम्ही! कारागीर म्हणवता?"

मिस्त्रींनी कानस खाली ठेवली. "व्हय. मीच लावलं."

"का?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक रबरी पॅकिंग काढलं. बरोबर मापाचं, खिशात राहून राहून कडा मऊ झालेलं. ते किती महिने खिशात होतं कोण जाणे. माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "हे लाव. आता थांबायचे नाय ते."

खरंच थांबला नाही. सव्वा वर्ष ट्रॅक्टर एकदाही बंद पडला नाही. रोज सकाळी एका दमात चालू व्हायचा, आणि रोज सकाळी मला त्याचा राग यायचा. एकदा बॉनेटवर चहा ठेवून पाहिला. सांडला नाही. मीच प्यायलो. गोड लागला नाही.

मागच्या महिन्यात जाधववाडीला काम निघालं. उगाच त्या बाजूनं गाडी घातली. शेडला कुलूप. रशीदभाई ट्यूब पाण्यात बुडवून बसले होते. वर न बघता म्हणाले, "बहोत देर कर दी सेठ. मिस्त्री पुना गए. बेटा आको ले गया. सातवे माले पे रहते बोले."

"कधी?"

"दिवाली के बाद. आपका महिना भरने को आया की रोज सुबेसे दूध लाको रखते थे. वो सीट पे किसी कू बैठने नहीं देते थे. शेठ आनेवाला है, बोलते थे."

किल्ली त्यांच्याकडेच होती. आत गेलो. फळीवर पत्रिकांची चवड तशीच होती. मला वाटायचं, येईल ती पत्रिका जपून ठेवलीय. हातात घेऊन बघितलं तर सगळ्या एकाच लग्नाच्या. मिस्त्रींच्या मुलाच्या. रशीदभाई दारातून म्हणाले, "छपके आए और उसी हफ्ते में बच्चे ने उधर कोर्ट में शादी कर ली, दुसरी लडकी से. एक भी बाटे नहीं मिस्त्री."

खाली सोनेरी अक्षरांत शेवटची ओळ होती. अगत्य येण्याचे करावे.

मी एक पत्रिका घेतली, आणि ती लोखंडी सीट. घरी येऊन बायकोच्या कात्रीनं पॅकिंग कापलं आणि रबराचं काढून ते बसवलं. मिस्त्रींचा हात चांगला होता. माझं पॅकिंग तीनच आठवडे टिकलं.

रशीदभाईंकडून नंबर घेऊन फोन लावला.

"कोण?"

"मी."

"शेठ का? ते कसे आहेत?"

"बसलेत. बागेत, मधल्या ओळीत."

"एअर घेतली असंल," मिस्त्री म्हणाले. मग एकदम, "पण रबराचं दिलं होतं मी तुला!"

"ते काढलं. पत्रिकेचं बसवलंय."

माझा आवाज नेहमीसारखा चढला. "वॉरंटी तुमची आहे! चौदा महिने मी आलो, आता तुम्ही या."

"मी पेशंटच्या घरी जात नसतो, ठाऊक आहे ना तुला?" ते म्हणाले. पण आवाजात दम नव्हता, आणि माझ्याही नव्हता.

मी पुण्याला जाणार नाही. कोणाला पाना लावू देणार नाही. सीट मोसंबीखाली ठेवली आहे, तिच्यावर कोणी बसत नाही. चोर म्हणालो होतो, ते चारचौघांत म्हणालो होतो. परत घ्यायचं ते त्यांच्या तोंडावर घेईन, फोनवर नाही. आणि त्यांनी त्या दिवशी माझ्या 'का'चं उत्तर दिलं नव्हतं. ज्यानं मला फसवलं त्यानं यावं, त्या सीटवर बसावं, आणि जाब द्यावा.