निघताना सोपं पडावं म्हणून

मैदानावरच्या गर्दीचे नियोजन करण्यासाठी समिती नेमण्यात आली. समितीत इतके सदस्य घ्यावे लागले की पहिल्या बैठकीला निम्मे दाराबाहेरच उभे राहिले आणि बैठक जागेअभावी तहकूब झाली. दुसऱ्या बैठकीला सुरक्षा अधिकाऱ्यांखेरीज कोणीच आले नाही, त्यामुळे सर्व निर्णय एकमताने झाले.

प्रश्न उन्हाळ्यातल्या खुल्या गाण्याच्या कार्यक्रमाचा होता. तो खरं तर संध्याकाळी व्हायचा. पण प्रमुख पाहुण्यांना संध्याकाळी दुसरीकडे प्रमुख पाहुणे व्हायचे होते, म्हणून भर दुपारी ठेवण्यात आला. सुरक्षा अधिकारी नुकतेच एका थंडगार सभागृहात उष्माघातावरचे प्रशिक्षण घेऊन आले होते. माणूस प्रामाणिक होता, आणि दुखणं तिथेच होतं.

"छत घातलं की लोक कुठे गोळा होतात?" त्यांनी मैदानाच्या रखवालदाराला विचारलं.

"सावलीत, साहेब."

"म्हणजे गर्दीचं मूळ सावलीत आहे."

छत उतरवण्यात आलं. व्यासपीठावरचं तेवढं राहिलं, कारण तिथे मोजकीच माणसं बसणार होती. मग पाण्याकडे लक्ष गेलं. पाण्यापाशी रांग लागते, रांगेत ढकलाढकली होते. सबब पिंपं फाटकाबाहेर हलवण्यात आली. बाहेर गेलेल्याला पुन्हा आत घ्यायचं नाही, हा नियम आधीपासूनच होता. उरलं संकटकालीन दार. त्यातून फुकटे घुसतात म्हणून त्याला कुलूप लावलं, आणि चावी हरवू नये म्हणून अधिकाऱ्यांनी ती स्वतःच्या खिशात टाकली.

"बाहेरून त्या दाराला गाड्या लावतात लोक," रखवालदार म्हणाला. "हटकलं तर म्हणतात, निघताना सोपं पडतं. आमच्या मेव्हण्याचीही असते एक, पण अगदी कडेला."

"दार बंदच आहे ना? मग बंद दारासमोर गाडी लावली तर अडतंय कोणाचं?"

रखवालदाराला हे पटलं. मेव्हण्याला त्याने तसा निरोपही दिला.

कार्यक्रमाच्या दिवशी अधिकाऱ्यांची आई सकाळपासूनच चष्मा पुसून तयार होती.

"आई, ऊन बघ किती आहे. घरी रेडिओवर ऐक ना."

"लग्नाआधीपासून ऐकतेय मी त्या बाईंना. एकदा समोर बसून ऐकू दे. आणि मी एकटी म्हातारी, माझ्याने कसली रे गर्दी होणार?"

हिशेब बरोबर होता. गर्दीत एकाने काहीच फरक पडत नाही. अधिकाऱ्यांनी मधल्या वाटेत, अगदी पुढे, आईसाठी एक जादा खुर्ची टाकली.

"यांच्या आईला चालतं, मग आमच्या आईने काय घोडं मारलंय?" मागून एकजण म्हणाला आणि त्यानेही खुर्ची आणली. बघता बघता वाट आयांनी भरली, मग मावश्यांनी, मग कोणाचेच कोणी नसलेल्यांनी.

दुसऱ्याच गाण्याला आईची मान कलंडली. ओठ सुकले होते, अंग चटका बसावा इतकं तापलं होतं. प्रशिक्षणातलं सगळं अधिकाऱ्यांना लख्ख आठवलं: सावलीत न्या, पाणी द्या, लगेच बाहेर काढा. तिन्हींचा बंदोबस्त त्यांनी जातीने केलेला होता.

ते खुर्च्यांवरून उड्या मारत दाराशी पोचले. कुलूप काढून जोर लावला. दार चार बोटं उघडलं आणि एका निळ्या स्कूटरला जाऊन टेकलं. तिच्याशेजारी दुसरी, दुसरीशेजारी तिसरी, आणि कडेला मेव्हण्याची.

त्यांनी धावत जाऊन गायिकेपुढचा ध्वनिक्षेपक हिसकावून घेतला. "दारासमोर निळी स्कूटर आहे! मालकांनी ताबडतोब या! माझी आई आत आहे हो!"

प्रत्येकाने मान वळवून शेजाऱ्याकडे पाहिलं. उठलं कोणीच नाही. उठलं की खुर्ची जाते.

"काय बेजबाबदार लोक असतात!" कोणीतरी म्हणालं, आणि मैदानभर माना डोलल्या.

शेवटी अधिकाऱ्यांनी आईला खुर्चीसकट उचलून दिलं. लोकांनी ती खुर्ची डोक्यांवरून, हातोहात, मैदानातल्या एकुलत्या एक सावलीत पोचवली. मागच्यांना वाटलं सत्कार आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रमुख पाहुण्यांनी सवयीने उठून पुष्पगुच्छ दिला. अधिकाऱ्यांनी त्यांच्यापुढचा पाण्याचा पेला उचलला आणि थोडं थोडं करून आईला पाजलं.

बऱ्याच वेळाने आईने डोळे उघडले. समोर हातभर अंतरावर गायिका उभी होती.

"थांबलात का?" आई क्षीण आवाजात म्हणाली. "म्हणा ना पुढचं."

अधिकारी सगळ्यांदेखत रडले.

कार्यक्रम संपल्यावर निळ्या स्कूटरचे मालक सावकाश आले. "ही काय व्यवस्था आहे? एखाद्या दिवशी माणूस मरेल इथे," असं म्हणत त्यांनी हेल्मेट चढवलं आणि सगळ्यांच्या आधी निघून गेले. दारापाशीच होती गाडी, सोपं पडलं.

त्या स्कूटरचा नंबर इथे छापायला आमची हरकत नव्हती. पण तो वाचून तरी तुम्ही उठला असता का?