उमरखेडची कॅसेट

गुलाबभाऊ मयतीला गेले तरी चपला काढता काढता त्या घरातला टेपरेकॉर्डर हेरून ठेवतात. सांत्वनाचे दोन शब्द झाले, की हळूच विचारतात, "कॅसेटी हायेत काय? जिवंत?"

जिवंत म्हणजे कार्यक्रमात बसून भरलेली. आमच्या भागात भीमजयंतीला गावोगाव कव्वालीचे सामने होत. त्यातली वणीकडची एक पार्टी म्हणजे भाऊंचा जीव की प्राण. तिच्या बाजारातल्या कॅसेटींना मात्र ते हात लावत नाहीत. "स्टुडिओतलं गाणं म्हणजे दवाखान्यातलं जेवण, गुरुजी. पाच मिनिटांत खतम. गावात तेच गाणं पाऊण घंटा चालते." मी गुरुजी नाही, पंचायत समितीत कारकून आहे, पण भाऊंना चष्मा लावलेला कुणीही गुरुजीच वाटतो.

मारेगावात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. कॅसेटी सरकीच्या पोत्यात. एकीवरही गावाचं नाव नाही. भाऊ ऐकून ओळखतात. "कुत्रं भुकलं ना? हे मुकुटबन." मी मान डोलावतो. मला सगळी कुत्री सारखीच ऐकू येतात.

ती कापसाला भाव नसलेली वर्षं. चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसे. भाऊंनी आपला कापूस एकदा मुकुटबनच्या व्यापाऱ्याला देऊन टाकला, कारण त्याच्या साल्याकडं कॅसेट होती. वहिनी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. "भाव तं कुठंच नोहता," भाऊ मला म्हणाले, "कॅसेट तं तिथंच होती ना."

सगळ्या गावांच्या कॅसेटी होत्या, फक्त उमरखेडची नव्हती. उमरखेड वहिनींचं माहेर. तिथं एका जयंतीला दोघं अगदी स्टेजपुढं बसले होते, आणि शेजारीच कुणीतरी टेप लावला होता. त्या टेपासाठी भाऊंनी एसटीच्या किती खेपा केल्या, देव जाणे.

माझ्या मुलीला बघायला उमरखेडचेच पाहुणे येणार म्हटल्यावर मी भाऊंना शपथ घातली. पोहे संपेपर्यंत त्यांनी ती पाळली. मग मुलाच्या बापाकडं सरकून म्हणाले, "जिवंत हाय काय?"

"नाही, मागच्या साली गेले," पाहुणे म्हणाले. त्यांना वाटलं, वडिलांची चौकशी.

तरी सोयरीक जमली. साखरपुड्याला व्याह्यांनी घरातली जुनी कॅसेट शोधून आणली.

दुपारी भाऊंच्या ओसरीवर ती लावली. ढोलकी सुरू झाली आणि तिच्यावर एक लेकरू रडायला लागलं. गाणं चढलं तसं तेही चढलं. व्याही ओशाळले. मला टेपातलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच मी तोडगा सुचवला, की यवतमाळला भाच्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, तो हे रडणं काढून टाकेल.

वहिनी चुलीपुढून उठून आल्या, टेपजवळ बसल्या.

"दात येऊन राह्यलते त्याले," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं घरी चला, तं हे उठतच नोहते." मग आमच्याकडं न बघता म्हणाल्या, "त्याच पावसाळ्यात गेला. फोटो काढाचा राहून गेला."

त्यांना मूल झालंच नाही, असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो.

बाजू संपली. भाऊंनी कॅसेट मागं फिरवायला लावली आणि माझ्याकडं वळले.

"गुरुजी, भाच्याले विचारा. लेकरू राहू दे म्हणा. गाणं काढून टाकता येईन काय?"