गणूशेटांचा धक्का

गणूशेट म्युनिसिपालिटीच्या सभेत बोलायला उभे राहिले की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, “रशिया अफगाणिस्तानात हेरातच्या वेशीवर आलाय, आणि आपण इथं...” पुढे गटार असो, मोकाट कुत्री असोत, नाहीतर शाळेची फुटकी कौलं. सगळं कल्याण गाव त्यांना पाठीमागे ‘रशियन’ म्हणायचं. मी तिथं कारकून होतो. सभेचा वृत्तान्त लिहिताना पहिलं वर्षभर मी इमानाने रशिया लिहून घेतला. पुढे नुसतं ‘नेहमीप्रमाणे’ लिहू लागलो.

शेट मिठाचे व्यापारी. अंगाने काटकुळे, पण आवाज असा की समोर एकच माणूस असला तरी भाषण चाललंय असं वाटावं. शिळं वर्तमानपत्र दुकानाच्या पायरीवर बसून ते मोठ्यांदा वाचत. गिऱ्हाईक पायलीभर मीठ मागे. शेट त्याला आधी काबूलची खबर देत.

मागणी मात्र एकच. खाडीवर दगडी धक्का हवा. ओहोटीला होडी लांब थांबे आणि माणसं गुडघाभर चिखल तुडवत गावात येत. याच मागणीवर शेट निवडणुकीला उभे राहिले आणि सपशेल पडले. त्यांच्याविरुद्ध उभे असलेले वकील म्हणाले होते, “चिखल काय, धुता येतो!” लोक खो खो हसले. दुसऱ्या खेपेलाही तेच.

तिसऱ्या खेपेला शेटांनी झाडून सगळ्या मतदारांना, वकिलांसकट, खाडीपलीकडच्या कोन गावी आमरसाचं जेवण दिलं. जाताना भरती होती. परतायची वेळ शेटांनी पंचांग बघून काढली होती. भरल्या पोटी, धोतरं वर खोचून, एकमेकांच्या खांद्यांना धरून अख्खा प्रतिष्ठित गाव चिखलातून चालत आला. वकिलांचा एक जोडा अजून तिथंच असेल. शेट काठावर उभे राहून विचारत होते, “काय वकीलसाहेब, धुता येतो ना?”

शेट निवडून आले; वकील सरकारी नेमणुकीवर सभेत राहिले. धक्क्याचा ठराव आला तेव्हा अध्यक्षांनी चेष्टा केली, “शेट, धक्का रशियाला उतरायला का?”

“उतरेल त्याला उतरू द्या,” शेट म्हणाले. “पाय कोरडे राहिले म्हणजे झालं.”

पहिला हात वकिलांनी वर केला.

उद्घाटनाला कलेक्टरसाहेब आले. तोरणं, ताशे, शेटांसाठी पुढची खुर्ची. पण खुर्ची रिकामी! शोधत गेलो तर शेट धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर, पाण्याकडे तोंड करून.

“शेट, साहेब खोळंबलेत.”

“गप रे. होडी येतेय.”

होडीतून एक बाई उतरली, कडेवर छोटी मुलगी. शेटांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं. ती हसली आणि लुगडं बोटभर उचलून म्हणाली, “कोरडे आहेत हो, बाबा.”

शेटांना मुलगी आहे हे मला त्या दिवशी कळलं. कोनला दिलेली, यमुना. लग्न झाल्यापासून एकदाही माहेरी आली नव्हती. दर सणाला शेट आणायला जात, ओसरीवर पाणी पिऊन परत येत. तिचे सासरे म्हणत, “चिखलातून सून कशी धाडू?” दुसरा कुणी असता तर ही सबब आहे हे ओळखून गप्प बसला असता. शेटांनी ती खरी मानली. धक्क्याचा शेवटचा दगड बसला त्या दिवशी ते सासऱ्यांसमोर जाऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, “चिखल संपला.”

शेटांनी नातीला कडेवर घेतलं. पायऱ्या चढले, तोरणाखालून, ताशेवाल्यांमधून, थेट कलेक्टरसाहेबांच्या समोरून निघाले. साहेब हात पुढे करून उठले. शेट क्षणभरच थांबले.

“साहेब, तुमचं चालू द्या,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले. “माझ्या घरी माणसं आलीत.”