रापुलांचं फाटक

शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत रापुला मोखात्ले आपल्या घरात शिरले, ते फाटकातून नव्हे, फाटकावरून. ते शवपेटीत होते, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. मयताचा मान राखायचा म्हणून, असं काही घडलंच नाही, यावर दक्षिण आफ्रिकेतल्या सोशांगुवे वस्तीतल्या आमच्या गल्लीचं एकमत आहे. तेव्हा घडलं नाही असं धरूनच पुढचं ऐका.

दुपारी तीनला शववाहिका दारात आली. दफन शनिवारी पहाटे. त्याआधीची शेवटची रात्र माणसानं घरात काढायची, आणि शिरायचं ते आपल्याच फाटकातून. नाहीतर त्याचा जीव कुंपणाबाहेर भटकत राहतो. रापुलांची मुलगी केलेबोगिले हिनं रिमोट दाबला. वीज सकाळपासून गेलेली, मोटर बॅटरीवर. फाटक सव्वा फूट सरकलं, कण्हलं आणि थांबलं.

"पुन्हा दाब," रापुलांचे धाकटे भाऊ केनोसीकाका म्हणाले.

"बारा वेळा दाबलं, काका."

"मग जरा रागावून दाब."

फाटक रापुलांनी स्वतः बसवलं होतं. समोरचा ओफेन्त्से फाटकं बसवण्याचाच धंदा करतो. "मोटरची पेटी घट्ट बंद करा, मुंग्या शिरतात. आणि रुळाच्या टोकाला अडसर घाला," असं त्यानं तेव्हा सांगितलं होतं. "तीस वर्षं बस डेपोच्या फाटकावर काढलीत मी. मुंगीला घाबरत नाही," असं म्हणून रापुलांनी फाटकाशेजारी एक वही टांगली. पहिल्या पानावर लिहिलं: 'बिघाडाची तक्रार लेखी द्यावी.' मरतानाही बजावून गेले, "कुणी हात लावायचा नाही. बिघडलं तर मला सांगा."

आता काळा कोट घालून आलेल्या ओफेन्त्सेनं वाकून मोटरच्या झाकणाच्या फटीतून पाहिलं. हात मात्र लावला नाही.

"काय दिसतंय?"

"मुंग्या. तीन-चार पिढ्या असतील."

"हातानं ढकललं तर?"

"मोटर सोडवायला चावी लागते, काका."

केलेबोगिले आडवी होऊन सव्वा फुटातून आत गेली. आई विधवेच्या रिवाजाप्रमाणे खोलीत गादीवर बसून होती. केलेबोगिले परत आली तेव्हा तिचा चेहरा आणखी उतरला होता.

"चावी बाबांच्या कोटाच्या खिशात आहे. शवागारात कपडे पाठवताना आईनंच ठेवली. म्हणते, चावीशिवाय हा माणूस कधी कोपऱ्यावरच्या दुकानातही गेला नाही, एवढ्या लांब कसा पाठवू?"

सगळ्यांनी शववाहिकेकडे पाहिलं.

"उघडू का पेटी?" चालकानं विचारलं.

"रस्त्यावर? पेटी घरातच उघडायची!" काका कडाडले.

"आणि घर कशानं उघडायचं?"

"चावीनं," काका म्हणाले, आणि पुन्हा शववाहिकेकडे बघायला लागले.

"मग भिंतीवरून घेऊ," चालक म्हणाला.

"भिंतीवरून चोर येतात. माझा भाऊ या घराचा मालक आहे."

"मालकांना लवकर काय ते ठरवायला सांगा. मला सहाला दुसऱ्या मयताकडे जायचंय."

सूर्य पाण्याच्या टाकीमागे उतरला. वडील गेले त्या सोमवारपासून केलेबोगिले रडली नव्हती. आता गजांना कपाळ टेकून ती रडायला लागली. जन्मभर फाटकाची राखण केलेला माणूस बाहेर होता आणि मुंग्या आत. काकांनी टोपी काढली आणि मयताशी बोलायचं असतं तसं बोलले, "रापुला, घर आलं. फाटक उघड, भावा."

केलेबोगिलेनं रिमोट मुठीत आवळला होता. नेमकी तेव्हाच वीज आली. फाटक किंचाळत सुटलं, पूर्ण उघडलं, आणि अडसर नसल्यामुळे तिथं थांबलं नाही. रूळ संपला तसं ते आतल्या वाटेवर धाडकन आडवं झालं. कुणाला लागलं नाही.

"उघडलं," काका म्हणाले.

सहा जणांनी पेटी उचलली आणि पडलेल्या फाटकावरून खडखडत घरात नेली.

रात्री पेटी उघडली. चावी खिशातच होती. "राहू दे," आई म्हणाली. "लागेल त्यांना."

दफनानंतर ओफेन्त्से हत्यारं घेऊन आला. "पैसे नकोत, मावशी. नीट बसवून देतो."

"हात लावू नकोस, बाळा. त्यांनी काय सांगितलंय?"

मग केलेबोगिलेनं वही काढली आणि लिहिलं:

'प्रति, मा. रापुला मोखात्ले. आपण बसवलेले फाटक शुक्रवारी आपल्या उपस्थितीत पडले. इतरांस हात लावण्यास आपली मनाई आहे. तरी आपण स्वतः घरी येऊन दुरुस्ती करून द्यावी, ही नम्र विनंती. येताना चावी सोबत आणावी.'