प्रौढ मजूर

प्रभूचा मोबाईल वाजला तेव्हा तो बांधावर उभा राहून खुरपणीला बाया कुठून आणाव्यात या विवंचनेत होता. सोयाबीनपेक्षा गवत जोमानं वाढलं होतं. साखरा गावातल्या सगळ्या बाया कुणाच्या ना कुणाच्या वावरात गुंतल्या होत्या, आणि शेरडं-मेंढरं सांभाळून तीन एकर पेरणाऱ्याला विचारतो कोण? त्यानं मोबाईल काढला. प्रभूची शाळा सातवीत सुटली होती. अक्षरं त्याला येत होती, पण एकेक अक्षर बघत बसायचा त्याला कंटाळा. शब्दाचं तोंड आणि शेपूट दिसलं की मधलं तो पदरचं घालायचा. त्यानं वाचलं, ‘सावधान! आपल्या पाल्याने प्रौढ मजूर शोधला आहे.’

पाला म्हणजे शेरडांना टाकायचा पाला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो मजूर कसा शोधेल, हे मात्र कळेना. पण हल्ली सरकार कशाची योजना काढील याचा नेम नाही, असं म्हणून तो घरी आला आणि कमलबाईला म्हणाला, “अगं, आपल्याला मजूर मिळाला.”

“कुणी आणला?”

“पाल्यानं.”

कमलबाईनं नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. “अवो, पाला कुठं मजूर शोधत असतो का?”

“म्या कुठं म्हणून राहिलो? मोबाईल म्हणून राहिला. प्रौढ हाय म्हणे. म्हंजे वयानं असंल जरा.”

“असू द्या. खुरपं धरता आलं म्हंजे झालं,” असं म्हणून त्या माउलीनं दोन भाकरी जास्तीच्या थापल्या. मजूर काही आला नाही. दुसऱ्या दिवशी तोच संदेश पुन्हा आला. आणखी एक मजूर सापडला म्हणून आणखी दोन भाकरी पडल्या. भाकरी कुत्र्यानं खाल्ल्या आणि सोयाबीनमधलं गवत होतं तिथंच राहिलं.

आता हा संदेश आला कुठून, हे प्रभूला उमगायला हवं होतं. कारण त्याची व्यवस्था त्यानं स्वतःच केली होती. त्याची मुलगी रागिणी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, तिला हिंगोलीच्या कॉलेजात सायन्सला जागा मिळाली, वसतिगृहही मिळालं. सोमवारी तिला जायचं होतं. पण शाळेतल्या सत्काराच्या दिवशी हेडमास्तर रामकिशन सरांनी मोबाईलवर लेकरं काय काय पाहतात यावर असं काही भाषण ठोकलं, की प्रभूला जागेवर बसवेना. तो उभा राहून म्हणाला, “सर, हे सरकारनं बंद कराय पायजे. टाकीतूनच पाणी सोडलं न्हाई तर आमच्या नळाला येईल कसं?”

सर म्हणाले, “नळ तुमच्या घरात आहे, प्रभू. तोटी पालकांनी बंद करायची.”

लोकांनी दोघांच्याही बोलण्याला टाळ्या वाजवल्या. त्यामुळे बरोबर कोण हे ठरलंच नाही. प्रभू तसाच सेनगावला देविदासच्या मोबाईलच्या दुकानात गेला. देविदासनं रागिणीच्या फोनमध्ये कसलं तरी कुलूप घातलं आणि सांगितलं, “काई वंगाळ झालं की तुमाला बराबर समजंल.” कसं समजेल, हे प्रभूनं विचारलं नाही. घंटा वाजत असेल, असं तो धरून चालला होता.

तिसरा मजूरही आला नाही तेव्हा तो मोबाईल घेऊन शाळेत गेला. “सर, हे मजूर कुठून ताब्यात घ्यायचे असतात? पंचायतीतून का तहसिलातून?”

सरांनी संदेश वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. “प्रभू, हे मजूर नाही. मजकूर आहे. मध्ये ‘कू’ आहे बघ. आणि पाल्य म्हणजे तुझी मुलगी.”

“आन् प्रौढ?”

“प्रौढ म्हणजे मोठ्या माणसांचं.”

“म्हंजे आमच्यासारख्याचं? मंग त्यात काय बिघडलं? बाजारभाव बघितला असंल पोरीनं.”

सर खिडकीकडं बघत म्हणाले, “तसलं, प्रभू. तसलं.”

प्रभू वर्गातल्या लहान बाकावर मटकन बसला. तिथूनच तो म्हणाला, “म्या तवाच म्हणलं व्हतं, सरकारनं बंद कराय पायजे.”

“आणि मी म्हटलं होतं, पालकांनी लक्ष द्यायला पाहिजे.”

“आमी वावर बघाव का फोन बघाव? सरकारला एवढी माणसं हायत!”

“सरकार काय तुझ्या घरात येऊन बसणार आहे का?”

असं म्हणून सर पायात चप्पल घालून त्याच्याबरोबर निघाले. पोरीला दोन शब्द समजावून सांगणं हे आपलं कर्तव्यच आहे, असं त्यांना वाटलं. सरांना कर्तव्याची आवड होती.

घरी रागिणी पेटी भरत होती. म्हातारे ज्ञानबा, प्रभूचे वडील, अंगणात बाजेवर पेपर उघडून बसले होते. ज्ञानबा पूर्वी कितीतरी वर्षं शाळेच्या समितीचे अध्यक्ष होते, आणि रोज सकाळी त्यांच्या हातात पेपर असलाच पाहिजे, असा गावात त्यांचा दबदबा होता. दुपारी ते शेरडं घेऊन माळावर जात. जाताना भजन ऐकायला म्हणून नातीचा फोन घेऊन जात.

“ती पेटी खाली ठेव,” प्रभू म्हणाला. “फोनात काय शोधून राहिली तू?”

“काय शोधलं?” रागिणी म्हणाली.

“तसलं!”

“कसलं?”

आता लेकीसमोर तो शब्द उच्चारायचा कसा? प्रभूनं सरांकडं पाहिलं, सरांनी लिंबाच्या झाडाकडं पाहिलं. कमलबाई म्हणाली, “अवो, कसलं ते सांगा तरी! का पुन्हा मजूर सापडला?” प्रभूनं तिला चुलीपाशी नेऊन कानात सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

सरांनी मोबाईल पुढं केला. “रागिणी, हा संदेश तुझ्या फोनबद्दल आहे. प्रौढ मजकूर शोधला, असं लिहिलंय. रोज.”

रागिणीनं वाचलं. आधी तिला काही कळलंच नाही. मग कळलं, तशी ती हसणारच होती. पण तिची नजर बाजेकडं गेली आणि हसू विरलं. आजोबांनी पेपर पार तोंडाला भिडवून धरला होता.

“म्या काई वंगाळ बघितलं न्हाई, दादा.”

“मंग फोन कोणाच्या हातात असतो?”

रागिणी गप्प. तिनं कुणाला तरी शब्द दिला होता.

“बोल ना! काहून बोलून न्हाई राहिली?”

ती बोललीच नाही. प्रभूला जे समजायचं ते तो समजला. रागावण्यापेक्षा त्याला भीतीच जास्त वाटली. घरात, डोळ्यांसमोर पोरीचं हे, तर हिंगोलीत काय? तो ओरडला, “पेटी रिकामी कर. हिंगोली बंद. सोमवारपासून खुरपायला चल.”

रागिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तरी ती एकेक वही पेटीतून काढून खाली ठेवू लागली. कमलबाईला वाटलं, सगळं घरच कुणीतरी पेटीतून बाहेर काढून ठेवतंय.

तेव्हा बाज करकरली. ज्ञानबांनी पेपर खाली ठेवला. “ठिव त्या वह्या पेटीत. ते तिनं न्हाई, म्या बघितलं.”

“काय बघितलं, बाबा?”

“तेच. प्रौढ. रोज बघतो. शेरडं चराय लागली की झाडाखाली बसून.”

प्रभू हळू आवाजात म्हणाला, “बाबा! ह्या वयात?”

“ह्या वयात न्हाई तर कवा? सारं तरुणपण शेरडामागं गेलं. तवा कोणी दाखवलं का मला?”

“पण तुमाला फोनात ते लावता कसं येतं?”

“रागी लावून देती. समजलं न्हाई तर सांजच्याला बसून शिकवती.”

कमलबाई खालीच बसली. सरांनी कोनाड्यातला तांब्या न विचारता उचलला आणि ते घटाघटा पाणी प्यायले. ज्ञानबांना हे कळेना, की एवढ्याशा गोष्टीला ही माणसं अशी काहून करून राहिली. लाजायचं तर आपण लाजायचं.

“आन् म्या एकलाच न्हाई,” ते धीर करून म्हणाले. “शेजारचा सोनाजी बी बघतो. वरल्या आळीच्या दोघी-तिघी म्हाताऱ्या बी हायत. त्या तर माझ्यापुढं गेल्या.”

“अरे देवा!” सर कळवळले. “या वयाच्या माणसांना हे दाखवतो तरी कोण?”

“तुमीच की, सर.”

“मी?”

“तुमीच नाव लिहून नेलं. तुमीच म्हणले, फोनला तोंड लावून ‘प्रौढ’ म्हणा, पुढचं आपसूक येतं. वरून हुकूम हाय म्हणले.”

सरांनी कपाळावर हात मारला. “साक्षरता! अहो, प्रौढ साक्षरता वर्ग! प्रभू, सरकारी धडे आहेत ते. अ आ इ ई! नावं भरून पाठवली मी, कुणी खरंच बघत असेल असं वाटलं नव्हतं मला!”

“कुलपाला बिचाऱ्याला काय कळतं,” रागिणी डोळे पुसत म्हणाली. “प्रौढ म्हणलं की ते बोंबलतं.”

प्रभू बापाकडं बघतच राहिला. “बाबा, तुमाला वाचता येत नव्हतं? मंग हा पेपर?”

“चित्रं बघत व्हतो.” ज्ञानबा मान खाली घालून म्हणाले. “सही तेवढी येत व्हती. ती बी चित्रावानीच काढायचो. अध्यक्ष माणूस, आन् आंगठाछाप म्हणून कोणाला सांगू? रागीला शपथ घातली व्हती. पण पोरीची शाळा माझ्यापायी तुटाय लागली, मंग कशाची लाज? आण तो मोबाईल.”

त्यांनी तो संदेश डोळ्यांजवळ धरला. “हे आधीचं जोडाक्षर हाय. ते आमचं झालं न्हाई अजून. पुढचं वाचतो. म... ज... कू... र. मजकूर.” त्यांनी मान वर केली. “बराबर?”

“अगदी बरोबर,” सर म्हणाले. सातवी शिकलेला प्रभू बाजेजवळ सरकून तो ‘कू’ पुन्हा बघू लागला. बापाच्या तोंडून वाचलेला शब्द त्यानं जन्मात पहिल्यांदा ऐकला होता. मग एकदम त्याचं डोकं पुन्हा गरगरलं.

“सर, म्या म्हणलं सरकारनं बघाव. तुमी म्हणले मायबापानं बघाव. इथं तर सरकारच दाखवून राहिलं, आन् माझा बापच बघून राहिला! मंग लेकराला वाचवाचं कोणी?”

या प्रश्नावर सरांचं भाषण तयार नव्हतं. त्यांनी राहिलेलं पाणी पिऊन टाकलं. कमलबाईनं मात्र वह्या उचलून पेटीत भरायला घेतल्या आणि नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही. प्रभूही म्हणाला, “भर, भर. सोमवारी म्या सोडाय जातो तिला.” रागिणी आजोबांच्या गळ्यात पडली.

“सुखानं जा,” ज्ञानबा म्हणाले. मग त्यांना एक अडचण आठवली. “पण प्रभ्या, तिचा फोन तर तिच्यासंगं जाईल. माझं जोडाक्षर राहिलं ना. आता तुझाच फोन दे मला. माळावर घेऊन जात जाईन.”

“माझा?” प्रभूचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला. “उद्या देतो, बाबा.”

“उद्या काहून? रागी हाय तवर लावून घेऊ. दे तिच्याजवळ.”

रागिणीनं हात पुढं केला. प्रभू दोन पावलं मागं सरकला. “थांब जरा. आधी पुसून देतो.”

“अवो, सकाळीच तर म्या पुसला,” कमलबाई म्हणाली. “लख्ख हाय की.”

“तुला न्हाई समजत त्यातलं,” असं म्हणत प्रभू मोबाईल छातीशी धरून शेरडांच्या वाड्यामागं गेला. ज्ञानबा पाटी-पेन्सिल घेऊन तयार बसले. रागिणीनं आईकडं पाहिलं नाही, आजोबांकडं पाहिलं नाही, सरांकडं तर नाहीच नाही. फोन पुसायला प्रभूला बराच वेळ लागला.