सिदोजीराव किल्लेदार पाण्यात तोंड घालावयास शिकले त्याची हकीकत

श्री.

ज्याने समुद्र निर्मिला आणि समुद्रात दम न टिकणारा मनुष्यदेहही निर्मिला, त्यास वंदन करून ही हकीकत लिहिली असे. शके सोळाशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिणारासही नाव नाही. का नाही ते पुढे येईल.

त्या राज्याचा एक जळदुर्ग खाडीच्या मुखाशी होता आणि त्याची किल्लेदारी राजश्री सिदोजीराव यांजकडे होती. सिदोजीराव घाटावरचे, वय अठ्ठेचाळीस, घोड्यावर बसले तर घोडे आणि राव एक दिसावे ऐसे. सहा वर्षांमागे महाराजांनी किल्लेदारीची वस्त्रे देतेसमयी पुसिले की, "राव, पाणी येते काय?" आणि रावांनी मुजरा करून "येते" म्हणोन सांगितले. येत होते ते इतकेच, की लहानपणी गावच्या विहिरीत कमरेस भोपळा बांधून चार दिवस हातपाय हालविले होते. त्यावर सहा वर्षे समुद्राने वेढलेल्या किल्ल्यात राहिले आणि स्नान हौदावर करीत गेले. किल्ल्यावरील शिबंदीचे शिपाईही बहुतेक घाटावरचेच, त्यामुळे कोणी कोणास पाण्याविषयी पुसत नसे.

मग त्या मार्गशीर्षात ऐसे जाहले की, किनाऱ्याहून धान्याचा मचवा किल्ल्यास येत होता. मचव्यावर दोघेच, जोमा तांडेल कोळी आणि त्याचा धाकटा भाऊ पोशा. अवेळी वारा सुटला आणि किल्ल्याच्या पाणदरवाज्यापासून पन्नास पावलांवर मचवा उलटला. डोलकाठी पोशाच्या डोक्यास लागली. त्याने एक वल्हे धरिले आणि तो त्यावर मान टाकून राहिला. जोमा दुसऱ्या अंगास फेकला गेला होता, तो भावाकडे पोहू लागला. तटावर सारी शिबंदी जमली आणि सारे रावांकडे पाहू लागले. रावांनी पागोटे उतरिले, अंगरखा काढिला, पायऱ्या उतरून उडी घातली. उडी चांगली होती. पुढे काही चांगले नव्हते. रावांनी मान उंच धरिली, हात पाण्यावर आपटिले, गुडघे मोडून पाय झाडिले, आणि जितके बळ लाविले तितके पाय खाली गेले. पंधरा पावले गेले असतील नसतील, तोंडात पाणी गेले आणि राव बुडू लागले. तटावरून हाक जाहली की राव बुडाले. जोमाने ती ऐकिली. तो पाण्यात थांबला, एकवेळ भावाकडे पाहिले, एकवेळ रावांकडे पाहिले, आणि रावांकडे वळला. हे तटावरून सर्वांनी पाहिले. रावांनी घाबरून त्याच्या गळ्यास मिठी मारिली, ती सोडविण्यात वेळ गेला, मग केसांस धरून त्याने रावांस पायऱ्यांशी आणिले आणि तसाच माघारा फिरला. वल्हे तरंगत होते. पोशा नव्हता. तिसरे दिवशी खाडीच्या आतल्या अंगास खारफुटीत सापडला.

आता पत्राची गोष्ट. हुजुरास वर्तमान कळविणे प्राप्त होते आणि किल्ल्याचे कारकून म्हणोन पत्र लिहिणारे आम्हीच. रावांस पुसिले, "काय लिहू?" राव घोंगडी पांघरून बसले होते. म्हणाले, "झाले तसे लिही." आम्ही म्हणालो, "तसे लिहिले तर किल्ला जाईल, रावसाहेब." राव भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तुझ्या मनास येईल तसे लिही." आणि आम्ही लिहिले की, मचवा उलटला असता किल्लेदारांनी प्राणाची पर्वा न करिता उडी घातली आणि जोमा तांडेलास मृत्यूच्या तोंडातून काढिले, त्याचा भाऊ मात्र हाती लागला नाही. रावांनी वाचिले आणि शिक्का केला. अक्षर आमचे बरे होते, ऐसे तेव्हा वाटले. पौषात हुजुरांतून सोन्याचे कडे आले, शाहिराने पवाडा केला, आणि किनाऱ्यावर दरबार भरवून रावांच्या डाव्या हाती कडे घालण्यात आले. कोळवाड्यातील मंडळींस मुजऱ्यास बोलाविले होते. जोमा आला, त्याने कड्यास मुजरा केला आणि गेला. त्याने मान वर केली नाही आणि रावांनीही केली नाही. त्या दिवसापासून राव कडे बाहीखाली झाकू लागले आणि जेवताना डावा हात मांडीखाली ठेवू लागले. घरी बाईसाहेबांनी पुसिले, "हात दुखतो काय?" राव म्हणाले, "दुखत नाही, दिसतो."

मग माघ मासी एके सकाळी राव एकटेच होडीने किनाऱ्यास गेले आणि चालत कोळवाड्यात जोमाच्या दारी उभे राहिले. जोमा जाळे वाळवीत होता. पलीकडे पोशाची बायको लाडी जाळ्याची भोके सांधीत होती. राव म्हणाले, "जोमा, मला पोहणे शिकव." जोमाने जाळे खाली ठेविले नाही. म्हणाला, "तुम्ही सरकार. हुकूम केला तर शिकवीन." राव म्हणाले, "हुकूम नाही." तेव्हा जोमाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग शिकवीन. पन पान्यात मी बोलीन ते ऐकायचं. पान्यात राव कोनी नाय." राव म्हणाले, "बरे."

दुसऱ्या दिवसापासून भरतीच्या पाण्यात, खाडीच्या शांत कोपऱ्यात शिकणे सुरू जाहले. किल्लेदार लंगोट लावून छातीइतक्या पाण्यात उभे, आणि काठावर मासळी साफ करणाऱ्या बायका तोंडास पदर लावून पाहात. पहिले आठ दिवस जोमाने पोहू दिले नाही. खडक धरवून तोंड पाण्यात घालावयास लाविले. "दम पान्यात सोडायचा. नाकातून, तोंडातून, बुडबुडे येतील तसा. वर येऊन फक्त घ्यायचा. तुम्ही दोन्ही वरच करायला जाता, म्हनून पुरत नाय." मग अंग पाण्यावर टाकणे आले. राव पुनःपुन्हा मान वर काढीत आणि पुनःपुन्हा पाय खाली जात. जोमा पाठीवर हात ठेवून म्हणे, "डोकं वर गेलं की पाय खाली जानारच. खाली बघा. तळ दिसतो काय ते बघा." राव म्हणाले, "तळ बघवत नाही." जोमाने पाठीवरचा हात तसाच ठेविला. मग पायांचे आले. राव जन्माचे स्वार, गुडघे मोडून पाण्यास टाच मारीत. "हे घोडं नाय, राव. पाय मांडीपासून हालवा, लांब सोडा, थोडेच हालवा." मग हातांचे आले. राव तलवारीसारखा हात वरून मारीत आणि पाणी उडवीत. "पानी तोडू नका. हात पुढं लांब घाला, कोपर वर ठेवा, पानी पंज्यात धरा आणि मांडीपर्यंत मागं न्या. जोर शेवटी, आधी नाय." आणि सर्वांत अवघड ते श्वासाचे. मान न उचलता सारे अंग कुशीवर वळवावे, एक कान पाण्यातच राहू द्यावा, आणि काखेपाशी तोंड आणून दम घ्यावा. याच्यात सारा फाल्गुन गेला. रावांच्या पोटात खारे पाणी इतके गेले की अन्नास चव राहिली नाही. बायका हसावयाच्या थांबल्या, कारण रोज तेच पाहून हसू सरले. लाडी मात्र कधी हसली नव्हती. ती जाळे घेऊन रोज त्याच खडकावर बसे आणि पाही.

मध्ये एक फजिती आणखी जाहली, ती लिहिली पाहिजे. शक पालटला, चैत्र आला, आणि राव एका दमात दहा बारा हात नीट मारू लागले. तेव्हा मनास बरे वाटले आणि शिबंदीसमोर पाणदरवाज्यातून उतरले. चार हात बरे पडले. मग वर तटावर माणसे उभी आहेत हे ध्यानी आले आणि सारे गेले. मान उंच, पाय खाली, हात आपटणे, जसे मार्गशीर्षात तसेच. होडी बांधावयाची साखळी हाती लागली म्हणोन वाचले. शिबंदीतील कोणी तोंड फिरविले, कोणी खोकला. दुसरे दिवशी जोमास सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "लहान पोराला फक्त शिकायचं असतं. तुम्हाला आधी ते भोपळ्यावरचं विसरायचं. घाई केली की जुनं परत येतं." मग राव पाण्यात उभे राहून पहिल्याने ते पुसते जाहले जे इतके दिवस पुसले नव्हते. म्हणाले, "त्या दिवशी तू माझ्याकडे का वळलास?" जोमाने ओंजळीने तोंडावर पाणी घेतले. म्हणाला, "पोशा वल्हं धरून राहील वाटलं. आनि तुम्ही किल्लेदार. तुम्ही गेले असते तर आमचा पाडा राहिला नसता." इतके बोलून म्हणाला, "चला, कुशीवर वळा," आणि राव कुशीवर वळले.

मग वैशाखाच्या शेवटी एके सकाळी समुद्र तेलासारखा होता, तेव्हा जोमाने पाणदरवाज्यासमोर, मचवा उलटला त्या ठिकाणी होडी उभी केली आणि रावांस पायऱ्यांवरून बोलाविले. होडीत लाडी बसली होती. तिनेच येते म्हणोन सांगितले होते. राव उतरले, तोंड पाण्यात घातले, हात लांब सोडिला. तिसऱ्या हातास कुशीवर वळून दम घेतला, पुनः तोंड पाण्यात, पुनः तीन हात. आवाज नाही, शिंतोडा नाही. आम्ही तटावरून मोजिले, चाळीस हात पुरते जाहले नाहीत तोच रावांचा पंजा होडीस लागला. राव होडीची कड धरून राहिले. दम लागला नव्हता. त्यांनी माघारे पायऱ्यांकडे पाहिले, आणि पाहताच त्यांचा चेहरा ऐसा जाहला, जणू कोणी थोबाडीत मारिली. अंतर इतके थोडे होते. लाडी तेव्हा पहिल्याने रावांशी बोलली. म्हणाली, "हे शिकायला किती दिस लागले तुम्हाला?" राव म्हणाले, "चार महिने." ती म्हणाली, "आनि किल्ल्यावर येऊन किती झाले?" राव म्हणाले, "सहा वर्षे." तिने मान हालविली आणि पाण्याकडे पाहात बसली. जोमाने वल्हे उचलिले. राव होडीत चढले नाहीत. होडी गेली तरी बहुत वेळ पाण्यात राहिले.

इतके दिवस रावांस वाटत होते की पोहता आले म्हणजे लाज उतरेल. ती त्या दिवशी दुप्पट जाहली. येत नव्हते तोवर आपण हतबल होतो ऐसे मनास सांगता येत होते. आले, तेव्हा तेही सांगता येईना. मग ज्येष्ठ लागताच, पावसाने घाट बंद होण्याच्या आधी, राव घाट चढून हुजुरास गेले. आम्हांस बरोबर नेले. भरल्या दरबारात कडे काढून महाराजांच्या पायाशी ठेविले आणि जे जाहले ते अथपासून इतिपर्यंत सांगितले. वस्त्रे घेतेसमयी बोललेले खोटेही सांगितले. महाराज म्हणाले, "आम्ही पवाडा ऐकिला, मान डोलविली. तो आता खोटा म्हणावा?" राव म्हणाले, "होय, महाराज." महाराज म्हणाले, "तुम्ही न सांगता तर कोणास कळते?" राव म्हणाले, "कोळवाड्यास ठाऊकच आहे. दरबारास तेवढे ठाऊक नव्हते." तेव्हा महाराजांनी पत्र मागविले, वाचिले आणि पुसिले, "हे कोणी लिहिले?" आम्ही खांबाशी उभे होतो. एक पाऊल पुढे यावे आणि "मी" म्हणावे, इतकेच काम होते. पाय उचलला नाही. राव म्हणाले, "शिक्का माझा आहे." आणि महाराजांनी पुढे पुसिले नाही. आमचे नाव या हकीकतीत का नाही, ते येथे कळावे.

मग हुकूम जाहला तो ऐसा. किल्लेदारी दूर केली. पवाडा बंद केला. पोशाच्या बायकोस पाड्यालगतची जमीन वंशपरंपरा दिली; तिने घेतली आणि कोणाचे आभार मानिले नाहीत. आणि सिदोजीरावांनी त्याच किल्ल्यावर साधे नाईक होऊन राहावे आणि शिबंदीतील एकेका इसमास पोहणे शिकवावे, शिकल्यावाचून कोणास समुद्राच्या पहाऱ्यावर घेऊ नये. त्याप्रमाणे राव बारा वर्षे राहिले. वयाची चाळिशी उलटलेले, मिशा पिकलेले शिपाई लंगोट लावून पाण्यात उभे राहात आणि लाजत, तेव्हा राव आधी आपली हकीकत सांगत, काही न गाळता, आणि मग तोंड पाण्यात घालावयास सांगत. कित्येकांस ती ऐकवत नसे. पन्नासांवर माणसे शिकली. त्यांतील दोघांनी पुढे बुडती माणसे काढिली, तेव्हा नव्या किल्लेदारांनी रावांस बोलावून शाबासकी देऊ केली, परंतु राव अंग दुखते म्हणोन गेले नाहीत. जोमा कामास किल्ल्यावर येई, पाण्याविषयी पुसिले तर सांगे. रावांच्या घरी पाणी प्याला नाही.

रावांच्या शेवटच्या दुखण्यात आम्ही उशाशी बसलो होतो. धीर करून पुसिले, "रावसाहेब, जोमाने कधी माफ केले काय?" राव म्हणाले, "मी विचारिले नाही." आम्ही पुसिले, "का?" राव म्हणाले, "विचारिले असते तर त्यास होय म्हणावे लागले असते."

येणेप्रमाणे सिदोजीराव किल्लेदार अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पोहणे शिकले, पोशा कोळी त्याच्या आधी गेला, आणि पत्र आम्ही लिहिले. पहिले पत्र खोटे होते. हे खरे आहे. वाचणाराने दोन्ही एकाच हातची आहेत हे ध्यानी ठेवावे. इति.